गुरे हाकणाऱ्यांची छापील प्रतिमा आणि संग्राहकाची दृष्टी : अमेरिकन काउबॉय-चित्रे व पोहरादेवीची तांडा-परंपरा

प्रास्ताविक

कोणती प्रतिमा जपावयाची आणि कोणती काळाच्या ओघात जाऊ द्यावयाची, याचा निवाडा संग्राहक प्रत्येक खरेदीच्या वेळी करीत असतो. असे हजारो निवाडे एकत्र आले की त्यांतून एखाद्या समाजाची सार्वजनिक स्मृती आकाराला येते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराख्यांचे, म्हणजे काउबॉयचे, जीवन रेखाटणाऱ्या छापील चित्रांचा संग्रह हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. जेमतेम वीस वर्षे टिकलेल्या एका व्यवसायाची प्रतिमा तेथे शंभराहून अधिक वर्षे छापली, विकली, चौकटीत बसवली आणि जपली गेली.

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात या उदाहरणाला वेगळे महत्त्व प्राप्त होते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन ते उत्तर हिंदुस्थान असा प्रवास करणाऱ्या या समाजाचा 'लदेणी'चा व्यवसाय काउबॉयच्या व्यवसायापेक्षा कितीतरी दीर्घायुषी होता. दि. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्यामुळे या समाजाच्या प्रतिमांपैकी काय जपावे आणि कोणत्या कसोटीवर जपावे, हा प्रश्न आता जिल्ह्याच्या दाराशी येऊन ठेपला आहे. काउबॉय-चित्रांच्या संग्रहाने कोणती कसोटी स्वीकारली, त्या कसोटीतून काय निसटले आणि त्यापासून येथील अभ्यासकाने कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. काउबॉय : श्रम आणि प्रतिमा

'काउबॉय' या शब्दाचा सरळ मराठी अर्थ गुराखी असाच होतो. तथापि 'गुराखी' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते त्यात ऐट नसते, मान नसतो. अमेरिकेतही आरंभी स्थिती फारशी वेगळी नव्हती. यादवी युद्धानंतर टेक्सासमधील गुरे उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेण्याचे काम सुरू झाले. कॅन्सस राज्यातील अ‍ॅबिलीन येथे १८६७ मध्ये गुरांची मोठी पेठ उभी राहिली. या कामावरील माणसाला महिन्याकाठी सुमारे तीस ते चाळीस डॉलर मिळत. धूळ, निद्रानाश, नदी ओलांडताना होणारे अपघात आणि रात्रभर कळपाभोवती घालावयाच्या फेऱ्या हे त्याचे नित्याचे जीवन होते. जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मोकळी कुरणे कुंपणात जाऊ लागली. रेल्वे टेक्सासच्या अंतर्भागात पोहोचली. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडील कुरणांवर लाखो गुरे दगावली. अशा रीतीने हा व्यवसाय त्याच्या मूळ स्वरूपात संपुष्टात आला.

व्यवसाय संपत असतानाच त्याची प्रतिमा जन्माला येत होती, ही बाब लक्षणीय आहे. फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१-१९०९) हा न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला चित्रकार 'हार्पर्स वीकली'सारख्या नियतकालिकांसाठी पश्चिमेची रेखाटने करीत होता. चार्ल्स रसेल (१८६४-१९२६) याची वाट वेगळी होती. तो वयाच्या सोळाव्या वर्षी माँटाना प्रदेशात गेला आणि तेथे त्याने रात्रपाळीचा गुराखी म्हणून प्रत्यक्ष काम केले. १८८६-८७ च्या त्याच हिवाळ्यात, कळपाची स्थिती कशी आहे अशी मालकाकडून विचारणा झाली असता, पत्राऐवजी रसेलने काढलेले एक छोटेसे जलरंगचित्र पाठविण्यात आले. बर्फात उभी असलेली, हाडांचा सापळा झालेली एक गाय आणि तिच्या मरणाची वाट पाहणारे लांडगे एवढेच त्यात होते. 'वेटिंग फॉर अ चिनूक' या नावाने हे चित्र पुढे छापील पोस्टकार्डांच्या रूपाने दूरवर पोहोचले.

या चित्रात शौर्याचा लवलेशही नाही आणि घोडेस्वारही नाही. नोकराने मालकाला दिलेला तो नुकसानीचा अहवाल आहे. काउबॉय-चित्रांच्या परंपरेच्या मुळाशी अशी साक्ष आहे, हे मान्य केल्याशिवाय या परंपरेचे न्याय्य मूल्यमापन होऊ शकत नाही. ही सारी चित्रे म्हणजे भाबडा स्मरणरंजनाचा पसारा होय, असे म्हणून त्यांना निकालात काढणे सोपे असले तरी ते अन्यायाचे ठरेल.

२. क्रमांक, स्वाक्षरी आणि दुर्मिळतेची निर्मिती

रसेलची चित्रे सामान्य अमेरिकन घरांत पोहोचली ती प्रामुख्याने दिनदर्शिकांमुळे. मिनेसोटातील 'ब्राउन अँड बिगेलो' ही कंपनी त्याच्या चित्रांच्या दिनदर्शिका छापीत असे. वर्ष संपले की दिनदर्शिका उतरावयाची आणि चित्र आवडले तर कापून भिंतीवर लावावयाचे, असा हा व्यवहार होता. महाराष्ट्रातील घराघरांत दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांची चित्रे याच मार्गाने पोहोचली, हे येथे आठवावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. १९६५ मध्ये अ‍ॅरिझोनातील सेडोना येथे 'काउबॉय आर्टिस्ट्स ऑफ अमेरिका' ही संघटना स्थापन झाली. जो बीलर, चार्ली डाय, जॉन हॅम्प्टन आणि जॉर्ज फिपेन हे तिचे संस्थापक होत. त्याच वर्षी ओक्लाहोमा सिटी येथील काउबॉय संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'ग्रीनिच वर्कशॉप'सारख्या प्रकाशन संस्थांनी हॉवर्ड टर्पनिंग, फ्रँक मॅकार्थी, जेम्स बामा आदी चित्रकारांच्या तैलचित्रांच्या मर्यादित आवृत्त्या बाजारात आणल्या. यांपैकी अनेक चित्रकार जाहिरात, चित्रपटांची भित्तिपत्रके किंवा कादंबऱ्यांची मुखपृष्ठे यांच्या व्यवसायातून आलेले होते.

या आवृत्त्यांचे तांत्रिक स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. दगडावर, लाकडावर वा धातूच्या पत्र्यावर कलावंताने स्वतः काम करून काढलेला ठसा हे खरे मुद्राचित्र होय. अशा चित्राच्या प्रती मर्यादित असण्यास कारण असते. पत्रा झिजतो, ठसा पुसट होतो. काउबॉय-चित्रांच्या बहुसंख्य प्रती मात्र मूळ तैलचित्राचे छायाचित्र घेऊन ऑफसेट यंत्रावर छापलेल्या असतात. यंत्र पाचशे प्रती जितक्या सहजतेने काढते तितक्याच सहजतेने पन्नास हजारही काढू शकते. प्रतींची संख्या मर्यादित राहते ती प्रकाशकाच्या निर्णयामुळे. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर चित्रकार पेन्सिलीने स्वाक्षरी करतो, शेजारी प्रतीचा क्रमांक लिहिला जातो आणि सोबत अस्सलतेचे प्रमाणपत्र मिळते. कलावंतासाठी राखीव ठेवलेल्या थोड्या प्रतींना अधिक किंमत येते. १९९० नंतर संगणकीय शाईफवारणीने कापडावर किंवा जाड कागदावर काढलेल्या 'जिक्ले' प्रती आल्या. या पद्धतीत मागणी येईल तशी एकेक प्रत काढता येत असल्याने यंत्राची मर्यादा तर पूर्णपणे संपली. क्रमांकाची प्रथा मात्र कायम राहिली.

संग्राहकांच्या व्यवहारात यातून एक विशिष्ट शिस्त निर्माण झाली. प्रत सूर्यप्रकाशापासून दूर ठेवावी, आम्लविरहित पुठ्ठ्यावर बसवावी, कडा कापू नयेत, प्रमाणपत्र हरवू नये, इत्यादी नियम कटाक्षाने पाळले जाऊ लागले. कागदाच्या जतनाच्या दृष्टीने हे नियम उत्तम आहेत. परंतु या शिस्तीत चित्रातील माणूस कोण, तो कोठे व काय काम करीत होता, चित्रकाराने ते स्वतः पाहिले की कल्पिले, हे प्रश्न ऐच्छिक राहिले. दुर्मिळता कागदाच्या प्रतीची मोजली गेली. साक्षीची मोजली गेली नाही.

अपवाद अर्थातच आहेत. जेम्स बामा याने वायोमिंगमध्ये वास्तव्य करून आपल्या भोवतालच्या जित्याजागत्या माणसांची चित्रे काढली आणि कित्येकदा त्यांची नावेही चित्रांच्या शीर्षकात दिली. अशा चित्रापुढे संग्राहकाला व्यक्ती भेटते. धुळीच्या लोटातून भरधाव निघालेल्या घोडागाडीच्या चित्रापुढे त्याला फक्त प्रसंग भेटतो, आणि तोही बहुधा चित्रपटातून ओळखीचा झालेला.

३. संग्रहातून निसटलेले

इतिहासकारांच्या अंदाजानुसार टेक्सासमधून गुरे हाकणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्याखेरीज मेक्सिकन गुराख्यांचे प्रमाणही मोठे होते. किंबहुना हा व्यवसायच मेक्सिकन 'वाकेरो'कडून शिकलेला होता. 'लासो', 'रँच', 'रोडिओ' हे शब्द स्पॅनिशमधून आलेले आहेत. गुलामगिरीत जन्मलेला नॅट लव्ह हा गुराखी १९०७ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध करतो. म्हणजे लिखित पुरावाही दुर्मिळ नव्हता. असे असूनही भिंतीवरच्या छापील चित्रांतील काउबॉय दीर्घकाळ जवळजवळ सर्वत्र गोराच राहिला.

या निसटण्याचे एक बोलके उदाहरण टपाल तिकिटांच्या इतिहासात सापडते. १९९४ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने 'लेजेंड्स ऑफ द वेस्ट' हा वीस तिकिटांचा संच सिद्ध केला. त्यात बिल पिकेट या विख्यात कृष्णवर्णीय काउबॉयचा समावेश होता. तथापि तिकिटावर छापलेला चेहरा बिलचा नसून त्याच्या भावाचा असल्याचे निदर्शनास आले. संच मागे घेण्यात आले आणि चित्र दुरुस्त करून नवीन संच काढण्यात आला. पुढे चुकीच्या संचांपैकी दीड लाख संच टपाल खात्याने सोडत काढून संग्राहकांना विकले. ज्याची आठवण जागवावयाची त्याचा चेहराही अभिलेखागारात नीट ओळखला गेलेला नव्हता, आणि ती चूकच संग्रहणीय ठरली. प्रतीच्या दुर्मिळतेला सर्वोच्च मूल्य दिले की काय घडते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अमेरिकेतही या प्रतिमांची चिकित्सा झाली. १९९१ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियनच्या कलासंग्रहालयात 'द वेस्ट अ‍ॅज अमेरिका' हे प्रदर्शन भरले. पश्चिमेची लाडकी चित्रे ही विस्तारवादाचे समर्थन करणारी रचिते आहेत, अशी मांडणी त्यात केली गेली आणि तीवर मोठे वादळ उठले. दुसरीकडे रिचर्ड प्रिन्स या कलावंताने सिगारेटच्या जाहिरातींतील काउबॉयच्या छायाचित्रांचीच पुन्हा छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एक २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १२ लाखांहून अधिक डॉलरना विकले गेले. ही प्रतिमा आता मूळ श्रमापासून इतकी दूर आली आहे की नकलेची नक्कल हाच तिचा विषय होऊ शकतो, हे प्रिन्सने दाखवून दिले. पण ज्या बाजारावर हे भाष्य होते, त्याच बाजाराने ते विकत घेतले, हेही नोंदवावयास हवे.

४. लदेणी : प्रतिमेविना राहिलेला व्यवसाय

आता वऱ्हाडाकडे वळता येईल. रस्ते आणि रेल्वे नसलेल्या काळात दख्खनमधील जड मालाची वाहतूक बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होती. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने तांदूळ, धान्य व मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहून आश्चर्य व्यक्त केले आहे. बैल वाटेत चरत जात असल्याने ही वाहतूक संथ, पण स्वस्त होती. पावसाळ्यात मुक्काम आणि उघाडीत प्रवास असा तिचा क्रम असे. वऱ्हाडचा कापूस याच मार्गाने थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. फौजांचा धान्यपुरवठाही बंजारेच करीत. १८०३ च्या ज्या मोहिमेत वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे लढाया झाल्या, त्या मोहिमेतील ऑर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या धान्यपुरवठ्याचे उल्लेख वारंवार येतात.

१८६७ या वर्षाचा येथे पुन्हा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्या वर्षी अ‍ॅबिलीनच्या रेल्वेस्थानकाने काउबॉयला काम दिले. त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि तिने बंजाऱ्यांच्या लदेणीचा पाया खचवला. दोन्ही समाजांच्या जीवनात रेल्वेनेच निर्णायक बदल घडविला. मात्र पुढची वाटचाल अगदी भिन्न झाली. काउबॉयला नियतकालिके, दिनदर्शिका आणि चित्रपट मिळाले. बंजाऱ्यांच्या वाट्याला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याचे पुढील विस्तार आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची रीत चालू राहिली. तत्कालीन वणी जिल्ह्यातील बंजाऱ्यांविषयी १८८२ मध्ये सविस्तर टिपण प्रसिद्ध करणारा एन. एफ. कंबरलेज हा पोलीस अधिकारी होता, ही बाब पुरेशी सूचक आहे. पाहणाऱ्याचा हेतू देखरेखीचा असला म्हणजे त्याने टिपलेली प्रतिमा ओळख पटविण्यापुरती राहते.

असे असले तरी या वसाहतकालीन नोंदींत श्रमाचे तपशील सापडतात. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात 'हटाडिया' नावाच्या बैलाचे वर्णन आहे. देवाला वाहिलेला हा बैल ओझे वाहत नसे. लाल रेशमी गोंडे, घंटा आणि कवड्या यांनी सजविलेला हा बैल तांड्यापुढे चाले आणि तो जेथे बसेल तेथे मुक्काम पडे. असा बैल, पाठीवर दुहेरी गोणी घेतलेली बैलांची लांबच लांब रांग, वाटेवरचा तळ, मिठाची देवघेव : चित्रकाराला यापेक्षा समृद्ध विषय कोणता हवा? परंतु या विषयाला त्याचा रसेल मिळाला नाही. तांड्यात वाढलेल्या चित्रकाराने आतून पाहिलेले लदेणीचे चित्र छापील परंपरेत रुजले नाही. भाषेने मात्र ही स्मृती जपली. 'तांडा' म्हणजे मुळात चालता काफिला. आज वाशीम जिल्ह्यात हा शब्द स्थिर वस्तीला लावला जातो. चालणे थांबले, नाव राहिले.

५. तसबीर आणि तिचे विसर्जन

महाराष्ट्रात छापील चित्रांची परंपरा नव्हती असे नव्हे. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना सुरू झाला आणि त्याच्या रामपंचायतनासारख्या चित्रांनी घरे भरली. राजा रविवर्मा यांची दहा चित्रे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात गौरविली गेली. योगायोग असा की, त्याच वर्षी त्याच शहरात फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने अमेरिकन सीमाप्रदेशाविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला आणि प्रदर्शनाच्या शेजारीच बफेलो बिलचा 'वाइल्ड वेस्ट' खेळ चालू होता. पुढच्याच वर्षी रविवर्मांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. कालांतराने तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरून छापलेल्या या तसबिरींतून लक्ष्मी, सरस्वती आणि यशोदा-कृष्ण सर्वसामान्यांच्या घरी आले.

येथे एक विरोधाभास दिसून येतो. गायींमध्ये उभा असलेला मुरलीधर ही या परंपरेची अत्यंत लाडकी प्रतिमा आहे. म्हणजे गुराखी भिंतीवर होताच. परंतु देवत्व लाभलेल्या गुराख्यामुळे गावातल्या गुराख्याकडे पाहण्याची गरज भासली नाही. अमेरिकेत वीराने श्रमिकाला झाकले, येथे देवाने झाकले.

सेवालाल महाराजांच्या तसबिरींचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. परंपरेनुसार त्यांचा जन्म १७३९ चा. त्यांच्या कथांत गोधन आहे, तोळाराम नावाचा घोडा आहे, लदेणीचा प्रवास आहे. रामनवमीच्या यात्रेत आणि एरवीही मिळणाऱ्या छापील तसबिरींत प्राधान्याने दिसतो तो फेटा बांधलेला, आशीर्वाद देणारा संतपुरुष. कधी त्याच्यासोबत घोडा किंवा जगदंबा देवी. ही कल्पनाचित्रे होत, आणि त्यात काही गैर नाही. श्रद्धेला चेहरा लागतो. मात्र लादलेला बैल या चौकटीत क्वचितच येतो. दुसऱ्या बाजूला पर्यटनाच्या पत्रकांवर आणि दिनदर्शिकांवर आरशांची व भरतकामाची फेटिया-कांचळी ल्यालेली बंजारा स्त्री असते. तिचे नाव नसते, तांडा नसतो, कामही नसते. संत आणि वेशभूषा या दोन प्रतिमांच्या मध्ये शतकांचा व्यवसाय हरवलेला आहे.

या तसबिरींचे आयुष्यही संग्राहकाच्या दृष्टीने वेगळे असते. काउबॉय-चित्राची क्रमांकित प्रत काचेआड, उन्हापासून दूर ठेवली जाते. महाराष्ट्रातील घरातली देवाची तसबीर कुंकवाने माखते, उदबत्तीच्या धुराने काळवंडते. काच फुटली किंवा कागद विरला की ती वाहत्या पाण्यात विसर्जित होते आणि तिच्या जागी नवी येते. झिजणे हा तिच्या उपयोगाचाच भाग आहे. परिणामी या चित्रांच्या जुन्या प्रती फारशा उरत नाहीत. छापखान्यांकडूनही आधार मिळेलच असे नाही. मळवलीच्या छापखान्याची १९७२ च्या आगीत अपरिमित हानी झाली. ख्रिस्तोफर पिनी यांच्या २००४ च्या ग्रंथाने देवांच्या छापील चित्रांतून भारताचा राजकीय इतिहास कसा वाचता येतो हे दाखवून दिले. ते वाचन शक्य झाले, कारण कोणीतरी विसर्जनापूर्वी काही प्रती बाजूला ठेवल्या होत्या.

६. संग्राहकापुढील प्रश्न

पोहरादेवीचे संग्रहालय नगाऱ्याच्या आकाराच्या चार मजली वास्तूत असून त्यात तेरा दालने आहेत. समाजाचे नेते व चळवळीचे अध्वर्यू यांच्या चित्रांतून बंजारा वारसा मांडण्याचे कार्य तेथे होत आहे. अनेक दशके गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेलेल्या समाजाने आपल्या थोर पुरुषांची चित्रे सन्मानाने लावणे, ही स्वतःच एक ऐतिहासिक घटना होय. तिचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि संग्रहालयाची भिंत आणि संग्रहालयाचे कपाट यांत फरक असतो. भिंतीवर समाज स्वतःला कसा पाहू इच्छितो ते लागते. कपाटात तो कसा जगला त्याचा पुरावा राहतो. भिंत सिद्ध झाली आहे. कपाटाचे काय, हा प्रश्न संग्रहालयाइतकाच जिल्ह्यातील महाविद्यालयांनाही विचारता येईल.

काउबॉय-चित्रांच्या संग्रहातून घ्यावयाचा पहिला बोध असा की, कागद जपण्याची शिस्त उचलावी, दुर्मिळतेची कसोटी मात्र उचलू नये. यात्रेत अल्प किमतीला मिळणाऱ्या तसबिरीच्या हजारो प्रती असतात, म्हणून ती संग्रहणीय नाही असे समजणे चूक आहे. पन्नास वर्षांनंतर तिची एक प्रतही सापडणार नाही, अशी दाट शक्यता असते. दुसरा बोध असा की, चित्रासोबत माहिती जपली नाही तर संग्रह मुका होतो. कोणत्या छापखान्यात छापले, कोणत्या वर्षी व किती किमतीला घेतले, कोणत्या घरात कोणत्या भिंतीवर होते, लग्नात मिळाले की यात्रेतून आणले, एवढ्या नोंदी प्रत्येक प्रतीबरोबर हव्यात. प्रमाणपत्राची जागा या नोंदीने घ्यावी. बिल पिकेटच्या तिकिटाची चूक अशा नोंदीच्या अभावातूनच संभवली.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पूजेतील तसबीर संग्रहात घेणे योग्य ठरेल काय? श्रद्धाळू कुटुंबाच्या दृष्टीने विसर्जन हा त्या प्रतिमेचा सन्मान असतो. तिला क्रमांक लावून कपाटात ठेवणे हा कदाचित अनादर ठरेल. यावर सरसकट उत्तर देता येणार नाही. विसर्जनापूर्वी कुटुंबाच्या अनुमतीने तसबिरीचे छायाचित्र व नोंद घेणे आणि मूळ प्रत कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे जाऊ देणे, हा एक मध्यममार्ग संभवतो. न वापरलेली प्रत यात्रेतून दरवर्षी विकत घेऊन वर्षवार जपणे, हा दुसरा. दोन्ही मार्गांना फारसा खर्च लागत नाही; सातत्य मात्र लागते.

चौथी बाब संग्राहक कोण, याविषयीची आहे. काउबॉय-चित्रे विकत घेणारे बहुतांशी त्या श्रमाशी संबंध नसलेले, ऐपतदार शहरी लोक होते. त्यांच्या आवडीने प्रतिमेला वळण दिले. वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांत तांड्यावरून येणारे विद्यार्थी आहेत. घरातील तसबीर, जुनी गोणी, बैलाच्या गळ्यातील घंटा यांची माहिती त्यांना आजी-आजोबांकडून गोरबोलीत मिळू शकते. नोंद करणारा आणि ज्याची नोंद होते तो, हे दोघे एकाच घरातले असण्याची ही संधी कंबरलेजच्या काळात नव्हती.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, छापील चित्रांचा संग्रह हा स्मृतीच्या निवडीचा व्यवहार आहे. काउबॉय-चित्रांच्या संग्रहाने एका अल्पजीवी व्यवसायाला दीर्घायुष्य दिले, पण ते देताना प्रतीचा क्रमांक चित्रातील माणसापेक्षा मोठा केला. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी चौकटीबाहेर राहिले. बंजारा समाजाच्या बाबतीत क्रमांकाचा बाजार निर्माण झाला नाही, ही इष्टापत्ती मानता येईल. परंतु श्रद्धा आणि वेशभूषा यांच्या प्रतिमांनी लदेणीचा श्रम झाकला गेला, ही हानी समान आहे.

रसेलने १८८६-८७ च्या हिवाळ्यात काढलेले ते छोटे चित्र आजही महत्त्वाचे वाटते, कारण विचारलेल्या प्रश्नाचे ते प्रामाणिक उत्तर होते. कळपाचे काय झाले, असे मालकाने विचारले होते. वऱ्हाडातील बैलांच्या तांड्यांचे काय झाले, हा प्रश्न अद्याप कोणी चित्राला विचारलेला नाही. तो विचारणारा चित्रकार उद्या एखाद्या तांड्यातून पुढे येईल. तोवर उपलब्ध तसबिरी, नोंदी आणि आठवणी विसर्जित होण्यापूर्वी जपणे हे येथील अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. पुढील रामनवमीच्या यात्रेपासून त्यास आरंभ करता येईल.